चामड्याचं सील

गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला एक सील असतं. तळहातात मावेल एवढी गोल कडी, बाहेरून पत्रा आणि आतून मऊ ओठ. शाफ्ट त्या ओठातून फिरत राहतो आणि आतलं तेल आतच राहतं. एवढंच त्याचं काम. ते नीट चालू असेल तर गाडीच्या मालकाला त्याचं नावही ठाऊक नसतं. बिघडलं की गाडी जिथं उभी राहील तिथं काळा डाग. माझ्या आयुष्यातली एक गोष्ट त्या कडीत अडकून बसली आहे आणि आजपर्यंत ती मी कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, पोराला नाही. आता लिहून ठेवतो, कारण दमलोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीचं पुस्तक मी हातात धरलं नाही आणि त्याची मला लाजही नाही. शुद्धलेखन शोधायला येणाऱ्यानं दुसरं काही वाचावं.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात आमचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडच्या मागं दोन खोल्यांचं घर. मध्ये एकच दार. त्या दारातून तेलाचा वास घरात यायचा आणि भाकरीचा वास शेडमध्ये. सकाळी शेजारच्या लेथचा पट्टा सुरू झाला की घराची भिंत बारीक थरथरायची, फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. आई म्हणायची, डबे वाजले की समजायचं उजाडलं. मग पलीकडच्या फौंड्रीतला घण, मग सायकलवरून दूधवाल्याची हाळी, मग अण्णांचा खोकला. माझे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणत, पहाटेच उठून शेडमध्ये जाऊन बसलेले असत. काम नसलं तरी. आई तव्यावरची गरम भाकरी, वर लसूण-मिरचीचा खर्डा आणि त्यावर तेलाची धार, अशी पितळीत घालून दारातूनच आत सरकवायची. अण्णा भाकरी डाव्या हातानं खायचे. उजवा हात ग्रीसचा म्हणून. लोक हसायचे, म्हणून ते लोकांसमोर जेवायचेच नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढायला उभे राहायचे आणि घरी येऊन जेवायचे.

अण्णांची ख्याती गिअरबॉक्समधली होती. इंजिनचे मिस्त्री कोल्हापुरात पुष्कळ होते. गिअरबॉक्स उघडायला मात्र लोक गडहिंग्लजपासून यायचे. अण्णा गाडी चालू करायला सांगायचे, डोळे मिटायचे आणि लांब पान्याचं एक टोक बॉक्सवर टेकवून दुसरं कानाला लावायचे. “तिसऱ्या गिअरचं बेरिंग,” म्हणायचे. उघडलं की तिसऱ्याचंच निघायचं. मी हे शंभर वेळा बघितलंय. आणि दुसरी ख्याती चामड्याच्या सीलची. त्या काळात तयार सील पटकन मिळत नसे. पुण्या-मुंबईकडून येईपर्यंत गाडी आठ-पंधरा दिवस उभी. अण्णा जुन्या सीलची पत्र्याची वाटी जपून उघडायचे, आतला कुजका ओठ काढून टाकायचे आणि त्यात चामड्याचा नवा ओठ बसवायचे. चामडं द्यायचे सखाराममामा. ते चपला बांधायचे, अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं चामडं, तेही पाठीवरचंच. पोटाकडचं अण्णा घेत नसत. “पोट ढिलं असतंय, माणसाचं आणि म्हशीचं सारकंच,” म्हणायचे. मग ते कोमट एरंडेल तेलात तीन दिवस भिजवायचं, लाकडी ठोकळ्यावर ताणून ओठाला वळण द्यायचं, वर बारीक स्प्रिंगची कडी घालायची. बसवायला त्यांच्याकडे लेथवर कातून घेतलेला नळीचा एक तुकडा होता. नळी सीलवर धरायची आणि हलक्या हातोडीनं चहूबाजूनं एकेक टोला द्यायचा, म्हणजे सील तिरकं जात नाही. ती नळी ते दुसऱ्या कुणाला धरू देत नसत. मलाही.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. सगळं काम येत होतं आणि तेच माझं दुखणं होतं. काम येणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हाताखाली राहणं जड जातं आणि दुसरा बाप असला तर आणखीच. नवीन रबरी सील बाजारात यायला लागली होती. मला ती आवडायची, काळी, गुळगुळीत, घट्ट. मी अण्णांना म्हणायचो, “अण्णा, आता हे चामडं सोडा. लोक हसाय लागल्यात.”

“कोण हसतंय?”

“समदं.”

“समद्यांची नावं सांग.”

मला नावं सांगता यायची नाहीत, कारण हसत कुणीच नव्हतं. हसत मीच होतो, मनातल्या मनात.

कोडोलीचे एक गूळवाले व्यापारी होते, तात्या. भरघोस मिशा, आवाज एवढा मोठा की शेडच्या पत्र्यावरची चिमणी उडायची. त्यांच्याकडे एक जुनी काळी मोटार होती. दसऱ्याच्या तोंडावर ती गाडी आमच्याकडे आली, दुसरा गिअर सुटत होता. अण्णांनी बॉक्स खाली उतरवला, पूर्ण खोलला, नवं बेरिंग घातलं, मागचं सील चामड्याचं बसवलं. बॉक्सच्या वरच्या झाकणावर करंगळीच्या पेराएवढं एक टोपणासारखं टेंगूळ असतं, त्याला बारीक भोक असतं. बॉक्स गरम झाला की आतली हवा फुगते, ती त्या भोकातून बाहेर जाते. अण्णा त्याला नाक म्हणायचे. त्यांनी माझ्यासमोर त्या नाकात तार घातली, फुंकर मारली, भोकाला डोळा लावून उजेडाकडे बघितलं. “नाक मोकळं झालं,” म्हणाले. मग बॉक्स डिझेलनं धुऊन, फडक्यानं पुसून बाकावर ठेवला, तो इतका स्वच्छ की त्यात जेवावं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे पाने, हातोड्या, जॅक, व्हाइस सगळं धुऊन ओळीनं मांडत. पूजा आई करायची. अण्णा बाजूला हात जोडून उभे. शेंदूर, हळद, कुंकू, झेंडूचं फूल. त्या वर्षी शेंदूर कालवायला घरात तेल कमी होतं. शेडच्या फळीवर जवसाच्या तेलाची बाटली होती, आईनं तीच घेतली. बाकावर तात्यांचा बॉक्स बसलेला होता, वरून ते टेंगूळ आलेलं, अगदी लहानशी पिंड असावी तसं. आईनं अवजारांना एकेक बोट लावलं आणि बॉक्ससमोर आल्यावर तिला वाटलं असावं की देवाची जागा हीच. तिनं त्या टेंगळाला चांगला शेंदूर लिंपला, दोन बोटांनी दाबून, चहूबाजूनं. वर कुंकू, वर फूल. नमस्कार केला. दिसत होतं छान, खोटं कशाला सांगू.

आता गंमत बघा. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर वाळला की दगड होतो, हे सगळ्या मिस्त्रींना ठाऊक असतं. पाण्याचे पाईप जोडताना आट्यांतून गळू नये म्हणून फिटर हेच मिश्रण लावतात. आमच्या फळीवर ती बाटली त्याचसाठी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बॉक्स गाडीला चढवला तो मी. अण्णा खालून जॅक देत होते, वरची बाजू माझ्याकडे होती. फूल मी काढलं, डोक्याला लावलं, खिशात ठेवलं. शेंदूर बघितला. त्याच्याखाली नाक आहे हेही मला ठाऊक होतं. पण पूजेचा शेंदूर पुसायचा नसतो. अवजारांवरचासुद्धा आम्ही कधी पुसत नसू, वापरता वापरता जाईल तेव्हा जाईल. मी तसाच बॉक्स चढवला, वर गाडीच्या तळाची लाकडी फळी बसवली, आणि दिसेनासं झाल्यावर विसरलो.

पंधरा दिवसांनी तात्या दारात उभे.

“दिनकर, तुझा बा हाय का आत? बाहीर ये म्हणावं. माझी गाडी म्हस झाल्या.”

“काय झालं, तात्या?”

“काय व्हायचंय! जाईल तिथं पो टाकत्या. पोरीसाठनं पोरगा बघाय गडहिंग्लजला गेलतो. चा पिऊन बाहीर आलो तर पावण्यांच्या सारवलेल्या अंगणात ह्यो एवढा काळा डाग. पावणं म्हणत्यात, तात्या, गाडीचं पोट बिघडलंय वाटतं. मी काय सांगू त्येनला?”

अण्णा गाडीखाली गेले. मागच्या सीलातून तेल येत होतं. त्यांनी शाफ्ट उतरवला, सील काढलं, उजेडात धरून बघितलं. ओठ चांगला होता. तरी त्यांनी नवं चामडं बसवलं, स्प्रिंग बदलली, बॉक्सात तेल भरलं. गाडीखाली कालचा पेपर अंथरला. ती त्यांची रीत होती. गाडी तशीच उभी ठेवायची आणि सकाळी पेपर बघायचा. सकाळी पेपर कोरडा. तात्या गाडी घेऊन गेले. आठवड्यात परत आले. जवळपास फिरली की काही नाही, लांबच्या पल्ल्याला मात्र डाग पडायचा.

“आण्णा, आवो तुमचं चामडं माझ्या चपलंचं झालं की. घरात बरं, आणि वढ्यात पाय घातला की फुगतंय.”

सखाराममामा तिथंच बसले होते. त्यांना ते लागलं. “तात्या, चामड्याला बोल लावू नगा. तुमच्या पायातली माझीच हाय, सा वर्सं झाली.”

“मग चपलाच बसवा की गिअरबॉक्सला,” तात्या म्हणाले आणि आपणच मोठ्यानं हसले.

तिसऱ्या वेळेला अण्णांनी सगळं सोडून त्या एकाच कामाला हात घातला. शाफ्टवर ओठ फिरतो तिथं चर पडलाय का, म्हणून नख फिरवून बघितलं, बारीक पॉलिश पेपरची पट्टी करून तासभर घासलं. सखाराममामांच्या घरी स्वतः गेले आणि पाठीच्या मधल्या भागातून चामडं कापून आणलं. ते तीन दिवस एरंडेल तेलात होतं आणि त्या तीन दिवसांत अण्णा माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मी एकदा म्हटलं, “अण्णा, दुसरं काही तर नसंल? नाक बघूया काय?”

“नाकात मी माझ्या हातानं तार घातल्या,” ते म्हणाले. “माझ्या हातावर तुझा भरवसा न्हाय व्हय?”

मी पाने पुसायला लागलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी विचारलं होतं. विचारलं खरं, पण फळी उचलून बघायला मला कुणी धरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते बघायचंच नव्हतं. चामडं हरावं असं मला वाटत होतं.

सील बसवून झालं तेव्हा तात्या होते, सखाराममामा होते, शेजारचे लेथवाले होते. तात्या म्हणाले, “आण्णा, तुमचा पोरगा म्हणतोय रबर बसवूया. ऐका की जरा.”

अण्णांनी नळी फडक्यानं पुसली. “हे जर का गळलं,” ते म्हणाले, “तर पुन्यांदा गिअरबॉक्सला हात लावायचा न्हाय मी. जोतिबाच्यान.”

कुणीतरी ‘असं कशाला, आण्णा’ म्हणालं असतं तर ते तिथंच मिटलं असतं. सखाराममामांनी तोंड उघडलंही होतं. त्यांच्याआधी मी बोललो.

“बोलल्यालं ध्यानात ठेवा, अण्णा.”

ह्या चार शब्दांचं वजन मी आज ऐंशीच्या घरात पोचल्यावरही उचलू शकत नाही. माझे गुडघे गेलेत, गाडीखाली निजलो की उठवायला माणूस लागतं, डाव्या डोळ्यात मोती आहे. त्या सगळ्याचं मला काही वाटत नाही. हे मात्र वाटतं.

ते गळलं. दहाव्या दिवशी तात्या आले आणि ह्या वेळी ओरडलेसुद्धा नाहीत. गाडीतून उतरले, मान हलवली आणि बाकावर बसले. अण्णांनी खाली वाकून एकदा बघितलं. मग उठले, नळी घेतली आणि माझ्या हातात दिली. तेव्हा ती नळी मी पहिल्यांदा हातात धरली. तिला त्यांच्या हाताची ऊब होती. ते बाहेर गेले आणि शेडच्या दारातल्या लाकडी खोक्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसले. मी त्यांचं तिसरं सील काढून टाकलं आणि त्याच दिवशी रबरी बसवलं. पुण्याच्या एसटीतून ते मी बारा दिवसांपूर्वीच मागवून ठेवलं होतं. बारा दिवसांपूर्वी, म्हणजे अण्णांचं चामडं अजून तेलात भिजत होतं तेव्हा.

चार दिवस मी राजा होतो. आईनं त्या रविवारी तांबडा रस्सा केला. मी दोन वाट्या जास्त प्यायलो आणि मोठ्यानं बोललो. अण्णा डाव्या हातानं भाकरी मोडत होते. ग्रीस नव्हतं हाताला, तरी डाव्याच हातानं. पाचव्या दिवशी तात्यांचा गडी गुळाची गाडी घेऊन बाजारात आला होता, तो मला बाजूला बोलावून म्हणाला, “मालकांनी सांगितलंय, परत गळतंया. आण्णांस्नी सांगू नगंस म्हणालं, तूच ये.”

मी अण्णांना काय सांगितलं आठवत नाही. काहीतरी खोटं. पिशवीत चार पाने घालून एसटीनं कोडोलीला गेलो. तात्यांच्या वाड्याबाहेर लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती. तात्या नुकतेच कुठून तरी आले होते, बॉक्सला हात लावला तर चटका बसत होता. माझ्या रबरी, काळ्या, गुळगुळीत सीलातून तेल टपकत होतं, अगदी चामड्यातून टपकायचं तसंच. मी खाली निजून नुसता बघत राहिलो. मग तेल किती उरलंय बघावं म्हणून बाजूचा बोल्ट सैल केला. फुस्सऽ करून आतली हवा बाहेर आली. गरम, तेलकट, थेट तोंडावर. कोंडून ठेवलेल्या जनावरानं श्वास सोडावा तशी. तेवढी एक फुस्स ऐकली आणि मला सगळं कळलं. बॉक्सचं नाक बंद होतं. आत हवा फुगत होती, तिला जायला वाट नव्हती, म्हणून ती सीलाचा ओठ उचलून तेलासकट बाहेर पडत होती. चामडं असो, रबर असो, सोन्याचं असो.

गाडीतली फळी उचलली. शेंदूर तिथंच होता, तापून तापून विटेसारखा झालेला, वर कुंकवाचा काळपट डाग. माझ्या पान्याच्या टोकानं निघेना. तात्यांच्या मंडळींकडून पोती शिवायचं दाभण मागून घेतलं आणि खरवडत बसलो. तात्या डोक्यावर उभे.

“काय खरवडाय लागलाईस रं?”

“काय न्हाय तात्या. घाण बसल्या.”

“लाल घाण?”

“गंज हाय.”

भोक मोकळं झालं. सील तेच ठेवलं, तेल भरलं. तात्यांनी गाडी जोतिबाच्या डोंगरावर चढवली, खाली आणली, पुन्हा चढवली. मी शेजारी बसलो होतो. खाली उतरून बोट लावलं. कोरडं.

एसटीत खिडकीशी बसून मी ठरवलं होतं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. अण्णा, तुमचं चामडं बरोबर होतं, तिन्ही वेळा बरोबर होतं. शब्दसुद्धा जुळवले होते. घरी पोचलो तेव्हा अण्णा दारातल्या खोक्यावर होते. त्यांनी विचारलं नाही कुठं गेलतास, आणि मी सांगितलं नाही. आत गेलो. आईनं पिठलं-भाकरी वाढली. मी भुसा आणि रॉकेलनं हात धुतले होते, पण नखांत शेंदूर राहिला होता. जेवताना तिनं माझा हात बघितला.

“हे लाल काय रं बोटांत?”

“ग्रीस.”

“लाल ग्रीस?”

“असतंय.”

तिनं तवा उतरवला, चुलीतली लाकडं मागं ओढली, पुन्हा माझ्या हाताकडं बघितलं. शेंदूर म्हणजे काय हे आईला मी सांगायची गरज नव्हती. पुढच्या खंडेनवमीला तिनं अवजारांना नुसती हळद-कुंकवाची बोटं लावली, शेंदूर आणलाच नाही. त्यानंतर कधीच नाही. अण्णांनी विचारलं, “शेंदूर कुठाय?” तर म्हणाली, “डाग जात न्हाईत त्येचं.” तेव्हा मला पक्कं कळलं, की तिला कळलंय. तिला स्वतःच्या हाताची भीती वाटत होती आणि मला माझ्या तोंडाची. मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणत राहिलो, की आईला दोष लागू नये म्हणून मी गप्प आहे. खोटं आहे ते. आईचं नाव मी पांघरायला घेतलं होतं. मला नळी परत द्यायची नव्हती. त्या घरात तिघं जेवायला बसायचो, त्यातल्या दोघांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक असायला पाहिजे तो आमच्या मध्ये बसून भाकरी खात होता.

तात्यांनी सगळ्या उद्यमनगरात सांगितलं, “आण्णांच्या पोरानं जिंकलं. रबराला तोड न्हाय.” माझं नाव झालं. गिऱ्हाईक वाढलं. अण्णांनी शब्द पाळला. पुढची अकरा वर्षं गिअरबॉक्सला हात लावला नाही. खोक्यावर बसून पंपाची वायसरं, म्हणजे वॉशर, कापायचे, त्याच चामड्याची, सखाराममामांकडचीच. एखादी गाडी रस्त्यावरून गेली की मान तिरकी करून ऐकायचे. एकदा मला एका बॉक्सचा आवाज लागेना, अर्धा दिवस डोकं फोडलं. ते बाहेरूनच म्हणाले, “चवथ्याचा दात.” उघडलं तर चवथ्याचा दात. मी त्यांना आत बोलावलं नाही, तेही आले नाहीत.

शेवटच्या आजारात ते आतल्या खोलीत निजून असायचे. लेथचा पट्टा सुरू झाला, डबे किणकिणले. मी चहा घेऊन गेलो. त्यांनी बशी हातात घेतली आणि म्हणाले, “दिनकर, एक इचारतो. राग न्हाय न्हवं?”

“इचारा की.”

“त्या तात्याच्या गाडीत काय चुकलं असंल रं माझं? मी लई इचार केला. चामडं पाठीचं हुतं. तीन दीस भिजवलं. तिरकं गेलं न्हवतं, नळी धरल्याली. मग का गळलं असंल?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एका मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीला विचारावं तसं विचारत होते. अकरा वर्षं ते रस्त्याकडं तोंड करून हेच शोधत बसले होते. आई दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं खाली बघितलं.

“चामडंच ते, अण्णा,” मी म्हटलं. “काळ बदलला.”

“व्हय,” ते म्हणाले. “तसंच असंल.” आणि चहा प्यायले. डाव्या हातानं.

पुढच्या आठवड्यात ते गेले. काही वर्षांनी आई गेली. तिच्याशीही ह्यावर मी एक शब्द बोललो नाही.

तात्यांच्या मागं त्यांची ती काळी मोटार त्यांच्या पोरांनी विकायला काढली, ती मीच घेतली. पोरगा म्हणतो, भंगार आहे. असेना. अजून ती चालते आणि तिचं काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. गेल्या महिन्यात तिचं मागचं सील गळायला लागलं, ह्या खेपेला खरोखरच झिजून. पोरगा म्हणाला, नवीन मागवतो, उद्या घरपोच येतं. मी नको म्हटलं. माझ्या पेटीत तळाशी, नळीच्या शेजारी, एका चिंधीत अण्णांचं तिसरं सील होतं. काढून टाकलं असं मी वर लिहिलं, ते खरं नाही. टाकलं नव्हतं. वाळून खडखडीत झालं होतं. कोमट एरंडेल तेलात घातलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी कडा मऊ झाली. तिसऱ्या दिवशी ओठ बोटाखाली वळायला लागला, कालच कापल्यासारखा. पत्र्याची वाटी थोडी वाकली होती, ती सरळ केली. फळी उचलून मी नाकात तार घातली, फुंकर मारली. नाकात तार घातली, फुंकर मारली. नळी धरली आणि चहूबाजूनं एकेक टोला दिला.

मग गाडी घेऊन कोडोलीला गेलो, तिथून जोतिबाच्या डोंगरावर, आणि परत. पोरगा शेजारी बसून कटकट करत होता, आबा, ह्या वयात कशाला. बॉक्स चांगला तापला होता. शेडमध्ये आणून उभी केली, खाली कालचा पेपर अंथरला आणि झोपलो.

सकाळी सूनबाई चहा घेऊन आली, तेव्हा मी पेपर हातात धरून बाकावर बसलो होतो. दोन्ही बाजूंनी बघून झालं होतं. तिनं गाडीखाली वाकून बघितलं.

“काय आबा, गळतंय काय अजून?”

“न्हाय,” मी म्हटलं. “चामडं हाय अण्णांचं. ते गळत न्हवतंच.”